सालबाईच्या तहाचा दिवस पाळा: ग्वाल्हेरच्या मराठी मंडळांना खुले पत्र

लष्कर, मुरार आणि जुन्या ग्वाल्हेरमधल्या सर्व मराठी मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणी आणि मुलांच्या स्पर्धा ठरवणारी मंडळी यांना,

स. न. वि. वि.

या जानेवारीत पानिपताच्या स्मृतिदिनी झालेल्या एका वक्तृत्व स्पर्धेत मी परीक्षक होते. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण घडलं त्यात माझाही हात आहे. तेरा मुलं बोलली. त्यातल्या नऊ जणांनी दत्ताजी शिंद्यांचं ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ म्हटलं आणि नऊही वेळा टाळ्या पडल्या. अकरावी आली ती आठवीतली एक मुलगी. तिने सांगितलं, “माझा विषय आहे सालबाईचा तह.” सभागृहात थोडी चुळबूळ झाली. ती शांत आवाजात बोलत होती. हातवारे नाहीत, आरोळी नाही. तहाची कलमं ती एकेक करून सांगत गेली. सतरापैकी सहाव्या कलमावर घंटी वाजली आणि ती खाली उतरली.

माझ्या शेजारच्या परीक्षकांनी तिच्या नावापुढे ‘आवेश नाही’ असा शेरा लिहिला. ‘परिणाम’ या रकान्यात मीही तिला दहापैकी चारच गुण दिले. उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा मिळालं नाही. बाहेर पायऱ्यांवर तिने मला गाठलं आणि विचारलं, “आजी, तहावर बोलायचं नसतं का?”

चौतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला, आणि त्या पोरीला तिथे मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर जे सुचलं ते आपल्यासमोर मांडते आहे.

लहानपणी मला वाटायचं, सालबाई ही कुणी बाईच असावी. दोघांच्या भांडणात मध्ये पडून तिने ते मिटवलं असावं, म्हणून त्याला सालबाईचा तह म्हणत असावेत. आमच्या वाड्यात अशा एक आत्या होत्याच. पुढे शाळेत कळलं की सालबाई हे गाव आहे, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात. १७ मे १७८२ रोजी तिथे इंग्रज आणि मराठे यांच्यात तह झाला आणि सात वर्षं चाललेलं युद्ध थांबलं. परीक्षेत हे सगळं दोन गुणांना यायचं.

दत्ताजी आणि महादजी हे दोघेही राणोजींचे मुलगे. दत्ताजी १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर पडले. त्यांच्या तोंडचं ते एक वाक्य आपल्या घराघरांत आहे आणि ते असावंच. धाकटे महादजी वर्षभराने पानिपतावर होते. पाठलागात पायावर घाव बसला, राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना उचलून नेलं म्हणून ते वाचले, आणि जन्मभर लंगडत चालले. राणेखानाला पुढे ते भाऊ मानत. पानिपतानंतर एकवीस वर्षांनी याच लंगडणाऱ्या माणसाने सालबाईला बसून हिंदुस्थानातल्या दोन मोठ्या सत्तांचं युद्ध थांबवलं आणि दोन्ही बाजूंनी जामीन म्हणून तेच उभे राहिले. एका भावाचं वाक्य आपल्याला पाठ आहे. दुसऱ्याच्या सतरा कलमांतलं एक तरी आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मलाही त्या रात्री कपाटातून पुस्तक काढावं लागलं.

याचं एक कारण आपल्या भाषेतच आहे. ‘युद्धात जिंकले आणि तहात हरले’ हे आपण इतक्यांदा म्हटलं आहे की तह म्हणजे घोटाळा, तह म्हणजे कुणीतरी विकला गेला, असंच मनात बसलं. माझे वडील नगरपालिकेच्या निवडणुकीपासून घराच्या वाटणीपर्यंत सगळीकडे हे वाक्य वापरत. लढणारा शूर आणि बोलणी करणारा धूर्त, अशी विभागणी आपण मुलांच्या मनात फार लवकर करून टाकतो.

म्हणून सालबाईची हकिकत जरा सविस्तर सांगते. आपण ती विसरलो, यात मोठं नुकसान आहे असं मला वाटतं.

युद्ध सुरू झालं घरातल्या भांडणातून. पेशवाईवर हक्क सांगणारे रघुनाथराव इंग्रजांकडे गेले आणि ६ मार्च १७७५ ला सुरतेत त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला. मदतीच्या बदल्यात मुंबईलगतचं साष्टी बेट आणि वसई देऊ केली. कलकत्त्याच्या वरिष्ठांना तो तह पटला नाही. त्यांनी आपला माणूस पाठवून १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह केला. तोही टिकला नाही. मग जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून आलेली मुंबईची फौज वडगावला मराठ्यांनी कोंडली आणि तिथे करार झाला. इंग्रजांची दोन माणसं ओलीस म्हणून महादजींच्या स्वाधीन झाली. कलकत्त्याने हाही करार फेटाळला आणि युद्ध पुन्हा पेटलं. ऑगस्ट १७८० मध्ये एका रात्री कॅप्टन पॉपहॅमच्या शिपायांनी दोर-शिड्या लावून आपला हा ग्वाल्हेरचा किल्ला सर केला. ज्या किल्ल्याकडे आपण रोज महाराज बाड्याच्या चौकात जाता-येता बघतो, त्याच्याच कड्यावरून ते चढले. किल्ला त्यांनी आपल्या बाजूच्या, भिंडकडच्या गोहदच्या राण्याला दिला. १७८१ च्या फेब्रुवारीत सीपरीकडे, म्हणजे आजच्या शिवपुरीकडे, महादजींना माघार घ्यावी लागली.

म्हणजे सात वर्षांत दोन तह आणि एक करार होऊन मोडले होते. कागद होता, मोहोर होती, पण तो पाळला जाईल याची हमी घेणारा कुणी नव्हता. सालबाईचं वेगळेपण मला तिथे दिसतं. महादजींनी स्वतःला जामीन केलं. एका बाजूने मोडलं तर दुसऱ्या बाजूला जाब देण्याची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली. इंग्रजांकडून डेव्हिड अँडरसन वाटाघाटींना होता. पुण्यात नाना फडणवीस सावध होते. म्हैसूरच्या हैदर अलीशी झालेली दोस्ती त्यांना सहज सोडायची नव्हती. हैदर ७ डिसेंबर १७८२ ला वारला आणि त्याच महिन्यात नानांची मान्यता आली. मे ते डिसेंबर हे सात महिने अडकलेल्या मान्यतेसाठी धीर धरून बसणं, हेही या गोष्टीतलं एक मोठं काम होतं. त्यावर कुणी पोवाडा लिहिलेला माझ्या ऐकण्यात नाही.

तहाने काय दिलं? पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी घेतलेला मुलूख परत आला, वसईसुद्धा. सवाई माधवरावांचं पेशवेपद इंग्रजांनी मान्य केलं. रघुनाथरावांना महिना २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. ते कोपरगावला जाऊन राहिले आणि पुढच्याच वर्षी वारले. आणि इंग्रज व मराठे यांच्यात वीस वर्षं युद्ध झालं नाही. १८०३ मध्ये ते पुन्हा सुरू झालं तेव्हा १७८२ साली पाळण्यात असलेली मुलं विशीत होती. त्या वीस वर्षांत या दोन फौजांच्या लढाईत जी माणसं मारली गेली नाहीत, त्यांची यादी कुठल्याच दफ्तरात सापडणार नाही. लढाईत पडलेल्यासाठी आपल्याकडे वीरगळ असते. घरी परतून शेत नांगरणाऱ्या शिपायासाठी कुणी दगड उभा केला नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मीही मुलांना अर्धवट सांगितल्यासारखं होईल. साष्टी गेली ती कायमची गेली, तिच्याबरोबर ठाणंही. आणि शांतता फक्त या दोघांत झाली. महादजी त्यानंतरही लढतच राहिले. गोहदच्या राण्याच्या वाट्याला तर या तहातून फक्त एकटेपणा आला. काल मदतीला असलेले इंग्रज आज बाजूला झाले, १७८३ मध्ये महादजींनी ग्वाल्हेरचा किल्ला परत घेतला आणि मग गोहदही गेलं. आपल्या घरात जो दिवस शांततेचा, तो भिंडकडच्या एखाद्या घरात फसवणुकीचा असू शकतो. म्हणून सालबाईची आठवण ठेवायची तर गोहदचा माणूस समोर बसलेला असताना ठेवली पाहिजे. त्याच्यासमोर जे उच्चारता येणार नाही ते त्या दिवशी उच्चारूच नये.

दोन वर्षांपूर्वी मी सालबाईला जाऊन आले. मे महिनाच होता. गहू निघून गेलेला, शेतं उघडी, लिंबाच्या झाडाखाली खाटा टाकून माणसं बसलेली. मी पाटी, खांब, चौथरा असं काही शोधत फिरले, मला काही दिसलं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माठातलं पाणी दिलं. मला वाटलं होतं त्यांना काही माहीत नसेल, पण मी विषय काढताच ते म्हणाले, “हाँ, मराठों की और अंगरेज़ों की सुलह यहीं हुई थी, बड़े-बूढ़े बताते थे.” जागा कुठली, असं विचारलं तर त्यांनी सगळ्या शिवारावरून हात फिरवला. मग म्हणाले, “लड़ाई होती तो चबूतरा बन जाता.”

त्या वाक्याने मी गप्प झाले. आपल्याच शहराकडे बघा. लष्कर हे नावच छावणीचं. दौलतरावांनी १८१० मध्ये तळ दिला आणि तंबूंची घरं झाली. अजूनही आपण ‘शिंदे की छावणी’ला राहतो. फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, दर जूनमध्ये तिथे मेळा भरतो, मी न चुकता जाते. गंगादासांच्या शाळेतल्या साधूंनी राणीसाठी प्राण दिले त्यांची आठवण आहे. यातलं काहीही कमी करा असं माझं म्हणणं नाही. या समाध्यांपुढे मी माझ्या विद्यार्थ्यांना हात जोडायला लावलं आहे.

पण याच शहराला दुसऱ्या प्रकारची आठवणसुद्धा ठेवता येते. किल्ल्यावरचा दाता बंदी छोड गुरुद्वारा बघा. गुरू हरगोबिंदांना जहांगीरने इथे कैदेत ठेवलं होतं. सुटका झाली तेव्हा ते एकटे बाहेर पडले नाहीत. त्यांच्या झग्याच्या कळ्या धरून बावन्न राजे बाहेर आले अशी परंपरा सांगते. गुरुद्वारा उभा आहे तो या सुटकेसाठी. जगभरातले शीख ऐन दिवाळीत ग्वाल्हेरची आठवण काढतात, ती दार उघडल्याची आठवण म्हणून. आपण मराठी माणसं मात्र त्याच किल्ल्यावर मुलांना नेतो आणि तोफा दाखवून खाली आणतो.

चंबळचं तर माझ्या लहानपणी घडलं. बागींच्या, म्हणजे डाकूंच्या, भीतीने संध्याकाळनंतर भिंड-मुरैन्याच्या रस्त्याला कुणी लागत नसे. माझ्या मावशीच्या लग्नाचं वऱ्हाड मुरैन्याहून जेवण अर्धवट टाकून उजेडी परत निघालं होतं. त्या खोऱ्यात १९६० च्या मे महिन्यात विनोबा पायी हिंडले. कोकणातल्या गागोद्यात जन्मलेला, मराठीत गीता सांगणारा हा माणूस हातात काही न घेता बीहडात, म्हणजे तिथल्या दऱ्याखोऱ्यांत, गेला आणि वीस बागींनी त्याच्यापुढे शस्त्रं ठेवली. बारा वर्षांनी, एप्रिल १९७२ मध्ये, जौऱ्याच्या गांधी आश्रमात जयप्रकाश नारायण आणि त्यांच्या पत्नी प्रभावतीदेवी बसलेल्या असताना मोहरसिंग, माधोसिंग यांच्या टोळ्यांनी गांधीजींच्या तसबिरीपुढे बंदुका ठेवल्या. गांधीवादी कार्यकर्ते सुब्बाराव यांनी त्या आश्रमात वर्षानुवर्षं काम केलं होतं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. वडील वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होते आणि आजी मध्येच म्हणाली, “म्हणजे आता शकूला माहेरी आणता येईल.” शकू म्हणजे तीच मुरैन्याची मावशी. शांतता म्हणजे काय, हे मला त्या दिवशी जितकं कळलं तितकं पुढे बी.ए.च्या पुस्तकांतून कळलं नाही. आपल्या एकाही मंडळात विनोबांच्या चंबळ-यात्रेवर मुलांना बोलायला सांगितल्याचं मला आठवत नाही.

असे दिवस पाळणारे लोक आहेत. आपल्याच देशात मिझोराम आहे. १९६६ मध्ये तिथे बंड झालं, त्या मार्चमध्ये ऐझॉलवर आपल्याच वायुदलाने बाँब टाकले, वीस वर्षं गावं उठवली गेली, माणसं मेली. ३० जून १९८६ ला करार झाला. आज तिथे ३० जूनला सुट्टी असते. ‘रेमना नी’ म्हणतात, शांतीचा दिवस. आपल्या कॅलेंडरवर तो दिवस कोरा असतो. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात ८ ऑगस्टला फक्त त्या एका शहरापुरती सुट्टी असते. १६२९ साली त्या तारखेला तिथल्या प्रोटेस्टंट लोकांना आपली उपासना बंद करावी लागली होती. तीस वर्षांचं युद्ध १६४८ ला संपलं, उपासना पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्यांनी उत्सवासाठी तीच दुखरी तारीख निवडली आणि १६५० पासून ती पाळत आले. त्याच युद्धाचा तह जिथे झाला त्या ओस्नाब्रुकमध्ये दर ऑक्टोबरात शाळेतली मुलं काठीचे घोडे करून, कागदी टोप्या घालून नगरभवनाच्या पायऱ्या चढतात आणि महापौरांच्या हातून गोड पाव खातात. लढाईचा घोडा त्यांनी मुलाच्या खेळण्यात आणून ठेवला.

शाळांमधून २१ सप्टेंबरला जागतिक शांतता दिन होतो. मी तो वर्षानुवर्षं करून घेतला आहे. पांढरं कबूतर, निळा पृथ्वीचा गोल, दोन घोषणा. मुलं मन लावून रंगवतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. त्या शांततेला गाव नसतं, तारीख आपली नसते, कुणाचा लंगडा पाय नसतो, कुणाची गेलेली साष्टी नसते. सालबाईला हे सगळं आहे. आणि ते बसने गाठता येण्यासारखं जवळ आहे.

तेव्हा माझं मागणं असं. पुतळा नको, कमान नको, ढोल-ताशा नको. १७ मेच्या सकाळी, ऊन चढायच्या आत, सगळ्या मंडळांनी मिळून सालबाईला जावं. शाळांना सुट्टी असते, मुलं मोकळी असतात. गावातल्या मंडळींना आधी भेटावं, त्यांच्या अंगणात त्यांच्याच सोयीने बसावं. तहाची सतरा कलमं सतरा जणांनी वाचावीत, मराठीत आणि हिंदीत. त्यातलं एखादं गोहदहून आलेल्या माणसाने वाचावं आणि वाचून झाल्यावर त्याला जे म्हणायचं असेल ते आपण मध्ये न बोलता ऐकावं. मग पन्हं प्यावं आणि परत यावं. ग्रामपंचायतीची मान्यता मिळाली तर लिंबाच्या झाडाजवळ एक साधी पाटी लावावी: तारीख, दोन्ही बाजूंची नावं, आणि किती वर्षं टिकला तो आकडा.

स्पर्धांचंही बघा. गुणपत्रिकेतला ‘आवेश’ हा रकाना राहू द्या, पण त्याच्या शेजारी एक रकाना वाढवा: समोरच्याची बाजू किती मांडली. वडगावचा विजय सांगणाऱ्या मुलाला त्या ओलीस राहिलेल्या दोघांबद्दलही एक वाक्य बोलता आलं पाहिजे. गणपतीत देखावे होतात, त्यात कधी एकदा सालबाईचा डेरा उभा करा. मधे समई, दोन्हीकडे माणसं बसलेली, तलवारी बाहेर खुंटीला. बघायला कुणी थांबणार नाही, असं एका कार्यकर्त्याने मला सांगितलं. पहिल्या वर्षी कदाचित थांबणार नाहीत. फुलबागेचा मेळाही पहिल्या वर्षी आजच्याएवढा भरला नसेल.

एक शंका आपल्यापैकी काहींच्या मनात येईल म्हणून आधीच बोलते. सीमेवर जवान उभे असताना तहाचे गोडवे कशाला, असं कुणी म्हणेल. माझा धाकटा भाऊ फौजेत होता. युद्धबंदीची बातमी आली की आमच्या घरात सगळ्यात आधी आई देवापुढे दिवा लावायची. भावाच्या पराक्रमाचं पदक समोरच्या खोलीत टांगलेलं आहे. त्या दिव्याची आठवण मात्र माझ्याबरोबर जाईल, कारण ती कुठे टांगता येत नाही.

आपण ठरवाल तेव्हा ठरवाल. बैठका होतील, ठराव होतील, त्याला वेळ लागतो हे मी जाणते. तोवर थांबणं मला जमणार नाही. येत्या १७ मेला पहाटे साडेपाचला मी बाड्यावरून निघणार आहे. वाड्यातली चार माणसं, दोन जुने विद्यार्थी आणि त्या मुलीचे आई-वडील बरोबर आहेत. सतरंजी, माठ आणि पन्ह्याचं भांडं आमचं. आपल्यापैकी जे येतील त्यांना जागा करू. ती मुलगी झाडाखाली उभी राहून पुन्हा बोलणार आहे, आणि सतरावं कलम संपेपर्यंत घंटी वाजवायची नाही असं मी तिला सांगून ठेवलं आहे.

आपली नम्र,
लष्करमधली एक निवृत्त शिक्षिका